उपास सोडायची तारीख

फॉर्मवरचा सातवा प्रश्न होता : याआधी तुम्ही कधी उपवास केला आहे का?

मी 'हो'वर टिचकी मारली आणि खालच्या चौकटीत कुणी न मागितलेल्या दोन ओळी लिहिल्या. आमच्याकडे उपवास पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे, माझी आजी पंचाहत्तरीतही आठवड्यातून दोन दिवस उपास धरते, असं काहीतरी. लिहिताना छाती थोडी फुगली होती हे आता कबूल करायला हरकत नाही.

ठिकाण होतं थायलंडच्या आखातातलं कोह फांगान हे बेट. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. तीन आठवडे 'वर्केशन' म्हणून तिकडे गेलो होतो आणि त्यातले पाच दिवस एका उपवास-शिबिरात घालवले. अशी शिबिरं त्या बेटावर रग्गड आहेत. पाच दिवस घन आहार नाही. सकाळ-संध्याकाळ एक घट्टसर पेय, मध्ये नारळपाणी, रात्री भाज्या उकळून गाळलेलं पाणी आणि रोज एकदा एनिमा. सहाव्या दिवशी सकाळी पपई. हिशेब केला तर साधारण चाळीस हजार रुपये झाले.

तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून आपापले अनुभव सांगायचे होते. मी आजीचं सांगितलं. समोरच्या एका बाईंनी डोळे मिटून मान हलवली. मला फार बरं वाटलं.

रात्री आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती तामलवाडीला असते. सोलापूरहून तुळजापूरला जाताना टोलनाका लागतो, तेच आमचं गाव.

"काय खाल्लास?"

"काही नाही. उपास आहे."

"कशाचा?"

"अंग साफ करायचा."

"मग तितं राह्याचे पैसे घेतले आसतील की."

"राहायचे आणि उपासाचेपण."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "जेवाय न घालायचे पैसे?" आणि फोन आईकडे दिला.

बेटावरून परत आल्यावर मी या उपवासाचा इतिहास शोधायला लागलो. आधी फक्त कुतूहल होतं. पुढे त्यात आजीच सापडली.

इसबगोलाचा प्रवास

आधी त्या घट्ट पेयाबद्दल. त्यात मुख्य दोन गोष्टी असतात : सिलियम आणि बेंटोनाइट. बेंटोनाइट म्हणजे एक प्रकारची चिकणमाती आणि सिलियम म्हणजे आपला इसबगोल. जगातला बहुतेक इसबगोल भारतात पिकतो, गुजरात-राजस्थानकडे. तोच रंगीत डब्यातून बेटावर आला होता. पाण्यात तो फुगतो, मातीबरोबर त्याचा लगदा होतो आणि दोन-तीन दिवसांनी पोटातून रबरासारखं काहीतरी बाहेर पडतं. शिबिरात त्याला 'वर्षानुवर्षं साचलेली घाण' म्हणत. खरं तर आपण आदल्या दिवशी गिळलेलाच ऐवज परत दिसत असतो.

शरीरातली नको असलेली द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतातच. न खाल्ल्यावर होतं ते एवढंच : यकृतातला साखरेचा साठा साधारण एका दिवसात संपतो, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं. मेंदू हळूहळू त्यांवर चालायला शिकतो. पहिल्या दिवसांत जे वजन झटकन उतरतं, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. माझं डोकं दुखत होतं ते बहुधा कॉफी बंद झाल्यामुळे.

मग उपासाचा हा दवाखाना आला कुठून? १८८० साली हेन्री टॅनर नावाच्या डॉक्टरने न्यूयॉर्कमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत, ४० दिवस उपवास केला. लोक बघायला यायचे, वर्तमानपत्रं रोजची बातमी छापायची. १९११ साली अप्टन सिंक्लेअर या कादंबरीकाराने उपवासाच्या उपचारावर अख्खं पुस्तक लिहिलं. जर्मनीत ओटो बुखिंगर हा नौदलातला डॉक्टर सांधेदुखीने जायबंदी झाला होता. १९१९ मध्ये लांबलचक उपवासाने आपल्याला आराम पडला असं त्याने सांगितलं आणि १९२० मध्ये स्वतःचा उपवास-दवाखाना काढला. फळांचा रस आणि गाळलेलं सूप ही त्याची पद्धत. बेटावर रात्री माझ्यापुढे येणारी वाटी त्याच घराण्यातली.

याच जर्मन परंपरेतले आणखी दोघं म्हणजे लुई कुह्ने आणि अ‍ॅडॉल्फ युस्ट. एकाचं कटिस्नान, दुसऱ्याचे मातीचे लेप. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी दोघांचं वाचलं आणि स्वतःवर, घरच्यांवर प्रयोग केले. ती आवड आयुष्यभर टिकली. पुण्यात डॉ. दिनशा मेहता निसर्गोपचाराचा दवाखाना चालवत होते. १९४५ साली गांधीजींनी त्यांच्यासोबत निसर्गोपचारासाठी न्यास स्थापन केला. त्यांना हा उपचार गरिबांपर्यंत न्यायचा होता. शहरात बसून ते जमणार नाही हे लवकरच त्यांच्या लक्षात आलं. म्हणून मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले, तिथल्या रोग्यांना आठवडाभर तपासलं आणि एप्रिलपासून तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. तो सांभाळायला त्यांनी मणिभाई देसाई या तरुणाला मागे ठेवलं.

पुण्याहून गावी येताना माझी बस उरुळीवरूनच जाते. ती पाटी मी दहा वर्षं बघत होतो. आपण समुद्र ओलांडून जे शोधायला गेलो, त्याचा मराठी पत्ता सोलापूर रस्त्यावरच आहे, हे मला बेटावरून परत आल्यावर कळलं.

मणिभाईंची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. निसर्गोपचाराच्या आश्रमासाठी आलेला हा माणूस हळूहळू शेतीकडे वळला, मग गाईंकडे. १९६७ मध्ये त्यांनी उरुळीतच 'बाएफ' ही संस्था काढली आणि संकरित गाई, चारा, दूध यांत उरलेलं आयुष्य घातलं. खेड्यातल्या माणसाला ताक प्या, फळं खा असं सांगायचं तर आधी त्याच्या दारात दूध आणि फळं हवीत. काय खाऊ नये हा प्रश्न त्याच्यापर्यंत फार उशिरा पोचतो.

एक पौंड धान्य

टॅनरने न्यूयॉर्कमध्ये उपवास मांडला त्याच्या तीनच वर्षं आधी आमच्या भागात भुकेचा वेगळा प्रयोग झाला होता.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. तुळजापूर आणि त्यासोबत तामलवाडी निजामाच्या राज्यात. आज आमच्या गावाजवळून जिल्ह्याची हद्द जाते, तेव्हा तिथून राज्याची हद्द जायची. दुष्काळाला ती ठाऊक नव्हती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याकडे दुष्काळाचा खर्च आटोक्यात ठेवण्याचं काम आलं. कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरावं, असं त्याने १८७७ च्या सुरुवातीला ठरवलं. वर मीठ-मिरचीपुरते थोडे पैसे. इतिहासात याला 'टेंपल वेज' म्हणतात.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ज्वारी असो की तांदूळ, हिशेब सोळाशे कॅलरींच्या आसपास येतो. हा आकडा कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. मग आठवलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी माणसांना परत खायला कसं घालायचं, हे त्याला शोधायचं होतं. २४ आठवडे त्या तरुणांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० कॅलरी दिल्या गेल्या. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटलं. ते चिडचिडे झाले, ताटं चाटायला लागले, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. विज्ञानाने ज्याला उपासमार म्हणून मोजलं, तेवढंच अन्न ६७ वर्षं आधी इथे धोरण म्हणून दिलं गेलं होतं. तेही दिवसभर माती उपसण्याच्या बदल्यात.

मजुरांनी ते निमूट घेतलं नाही. मुंबई इलाख्यात हजारो लोक कमी मजुरीवर काम करायला नकार देऊन कामं सोडून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा सरकारला दुष्काळाचे अहवाल आणि अर्ज धाडत राहिली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनी एवढ्या धान्यावर माणूस काम करून जगू शकत नाही हे सरकारला परत परत लिहिलं. मद्रासमध्ये त्याच वर्षी शिधा वाढवावा लागला. तरी ब्रिटिश हद्दीतच पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली. १८७२ आणि १८८१ च्या खानेसुमाऱ्यांमध्ये सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलेली दिसते.

टॅनरच्या उपवासाची शेवटची तारीख आधीच जाहीर होती : चाळिसावा दिवस. माझीही होती : सहाव्या दिवशी पपई. टेंपलच्या मजुराकडे तारीख नव्हती. पुढचा पाऊस येईपर्यंत, आणि आपण टिकलो तर.

देवीच्या वाटेवर

आमच्याकडचा उपास या दोन्हींपेक्षा जुना. तुळजाभवानीचं नवरात्र म्हणजे नऊ दिवस उपास. दसऱ्यानंतर देवी निद्रेला जाते ती पौर्णिमेपर्यंत. त्या कोजागरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसं पायी तुळजापूरला जातात. हायवे वाहनांना बंद होतो. लहानपणी वर्षातली सगळ्यात मोठी रात्र तीच असायची. आमच्या फाट्यावर चहाची पातेली चढायची आणि आम्ही पोरं केळी वाटायचो.

तुळजापूरला आणखी एक नवरात्र असतं, पौषातलं. शाकंभरीचं. पुराणातली कथा अशी की शंभर वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा देवीने आपल्या अंगातून भाजीपाला उगवून जगाला जगवलं. म्हणजे दुष्काळ संपवणाऱ्या देवीचा उत्सव, आणि त्यातही उपास. लहानपणी यातली गंमत कळली नव्हती. आता वाटतं, ज्या मुलखाला न मिळणं ठाऊक आहे तोच न खाण्याचा नियम इतका जपून पाळतो.

नियमही बघण्यासारखा आहे. आपला उपास म्हणजे काहीच न खाणं क्वचितच. उपास म्हणजे धान्य न खाणं. ज्वारी, गहू, डाळ बंद. भगर, शेंगदाणा, बटाटा, साबुदाणा चालतो. यातले बटाटा आणि शेंगदाणा अमेरिका खंडातून आले आणि आपला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो तोही तिकडचाच. तेव्हा 'पिढ्यानपिढ्या'चं माझं फॉर्मवरचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं. पण एक गोष्ट खरी : उपासाच्या दिवशी कणगीतलं धान्य वाचतं. हे मी तेव्हा नुसतंच लिहून ठेवलं होतं.

न खाण्याचं सगळ्यात टोकाचं रूपही आमच्याच जिल्ह्यात घडलं आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला, जैनांच्या सिद्धक्षेत्रावर, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली. तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. महाराजांची दृष्टी जात चालली होती. पावलाखालचा जीव दिसत नसेल तर अहिंसेचं व्रत पाळणार कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला, त्यांनी देह ठेवला. या उपवासाला पारणं नव्हतं आणि तसं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

इथपर्यंत माझं सूत्र तयार झालं होतं. उपवास आणि उपासमार यांत पोटाला फरक कळत नाही. यकृत तेच करतं, कीटोन तेच. फरक एवढाच की शेवट कुणाच्या हातात आहे. बेटावर तो माझ्या हातात होता, कुंथलगिरीला महाराजांच्या, १८७७ मध्ये टेंपलच्या. इंजिनिअरला आवडेल असं दोन खणांचं वर्गीकरण. मी लेख संपवतच आणला होता.

तिसरा खण

दिवाळीला घरी गेलो. आजीचा रक्तदाब मधूनमधून फार खाली जातो. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलंय आणि ती ऐकत नाही. घरात सगळ्यांनी हात टेकलेले. मी म्हटलं, मी बोलतो, मी आता यातला जाणकार आहे.

"मंगळवार राहू दे," मी म्हणालो. "देवीचा वार आहे. गुरुवार सोड. गुरुवार कुणाचा आहे?"

"कुणाचा न्हाई."

"मग कधी धरलास?"

"मिलो खाताना."

मिलो म्हणजे लाल ज्वारी, १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली. रेशनवर मिळायची. आजी तेव्हा बावीस-तेवीसची, दोन पोरांची आई. घरात सातजण. ती खडी फोडायच्या कामावर होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यातली ती एक. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून पोरांना आणायची. त्या कामांवरूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. वि. स. पागे यांचं नाव, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल, हे सगळं मला पाठ होतं. १९७२ मध्ये १८७७ सारखी माणसं मेली नाहीत, हे राज्याचं खरोखर मोठं काम होतं, हेही मी माझ्या टिपणात लिहिलं होतं.

"रेशनचं गुरुवारपतुर संपायचं," आजी म्हणाली. "शुक्रवारी पगार. गुरुवारी भाकरी सा व्हायच्या. माणसं सात."

"मग?"

"मग काय. सासूबाई इचारायच्या, जेवलीस का. न्हाई म्हणलं तर त्या आपली अर्धी देणार. उपास हाय म्हणलं की फुडं कुणी इचारत नसतंय."

ती शेंगा फोडत होती. हात थांबला नाही.

माझे दोन्ही खण तिथे गळून पडले. तिने उपास स्वतःहून धरला होता, म्हणजे पहिला खण. घरात भाकरी नव्हती, म्हणजे दुसरा. कामावरच्या हजेरीपटावर तिचं नाव होतं, मजुरी होती, सुकडीचीही कुठेतरी नोंद असेल. गुरुवारच्या न खाल्लेल्या भाकरीला रकाना नव्हता. सरकारी कागदात ती पोट भरलेली मजूर होती आणि घरात व्रत करणारी सून. उपाशी बाई म्हणून ती कुठेच नोंदली गेली नाही. कारण तिनेच ते नोंदू दिलं नव्हतं.

आणि मी तिचा तो गुरुवार थायलंडमधल्या एका फॉर्मवर आमच्या घराची परंपरा म्हणून लिहून आलो होतो.

मी इतर घरांचा विचार करायला लागलो. आपल्या आया-आज्यांच्या उपासांची यादी काढली तर त्यातले किती देवासाठी आणि किती कमी पडलेल्या भाकरीसाठी, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही एकाच ताटात मिसळले आहेत. देवासाठीचे सगळे खोटे होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. आजीचा मंगळवार खरा आहे, मी तो पाहिला आहे. पण उपास हा शब्द घरात असा होता की त्याच्या आड उपाशी राहता यायचं आणि मान खाली जायची नाही. बेटावर मी जे विकत घेतलं त्यात ही सोय नव्हती, कारण तिथल्या कुणालाच तिची गरज नव्हती.

"आता तर घरात सगळं आहे," मी म्हणालो. "आता सोड की गुरुवार."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "आता सोडला तर तवाचा खोटा ठरंल."

यावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. डॉक्टरांकडेही नसावा. बऱ्याच वेळाने, आईच्या मध्यस्थीने, तडजोड झाली. गुरुवार राहील. पण सकाळी गोळीच्या आधी भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटात गेली पाहिजे. उपासाला चालतं ना? चालतं. मग झालं.

आता गुरुवारी सकाळी साडेनऊला, आमच्या ऑफिसची रोजची मीटिंग सुरू व्हायच्या आधी, मी तामलवाडीला फोन लावतो.

"भगर खाल्लीस का?"

"खाल्ले."

"गोळी?"

"घेतले. तू जेवलास का?"

मी हो म्हणतो. कधीकधी ते खरं नसतं.